शिंकं हलतं तेव्हा

तुम्ही पोचता तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. दोन्ही अंगांना कापणी झालेली भाताची खाचरं, मधून दगडगोट्यांची पायवाट आणि वळणावर शेणीच्या धुराचा वास. पायात बूट असूनही थंडी तळव्यातून वर चढते. तारीख १० डिसेंबर १९६७, वार रविवार. मार्गशीर्षातलं चांदणं पडलंय, चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा.

जागा पाटण तालुक्यातली, हेळवाकच्या वरच्या अंगाची एक वाडी. वाडीचं नाव विचारू नका. हे घर नकाशावर सापडायचं नाही. त्या डोंगरातल्या अनेक घरांच्या चुली एकत्र करून ते इथं मांडलंय. धरण मात्र खरं आहे. १०३ मीटर उंचीची भिंत, तिच्यामागे तुंबलेलं कोयनेचं पाणी आणि त्या पाण्याखाली गेलेली गावंच्या गावं. त्या पाण्याची वीज घाटाखाली पोफळीला तयार होते आणि मुंबईला जाते. तुम्ही ज्या ओट्यापुढे उभे आहात तिथे मात्र रॉकेलची चिमणी मिणमिणतेय.

"या सायेब," ओट्यावरची म्हातारी म्हणते. "मशिनवालं न्हवं तुमी?"

तुम्ही मान हलवता. सोपं पडतं. खडकवासल्याच्या संशोधन केंद्राने धरणाच्या आसपास भूकंप मोजायची यंत्रं बसवली त्याला चार वर्षं झालीत. शहरी कपड्यातला कुणी पायी आला की लोक त्याला मशिनवालाच समजतात. म्हातारी घोंगडं झटकते, तुम्हाला बसायला देते आणि बोट वर करते. सोप्याच्या तुळईला काथ्याचं शिंकं टांगलंय. त्यात दुधाचं बोळकं.

"तुमच्या मशिनीला आदी कळतं का आमच्या शिक्याला?"

उत्तर तुमच्याकडे नाही.

आत सून चुलीपुढे बसलीय. घरधनी मुंबईला गिरणीत, मनिऑर्डरीवर घर चालतं. दहा वर्षांची पोर, चार वर्षांचं पोरगं, ही म्हातारी आणि सून, एवढी माणसं. भिंती दगडमातीच्या, दीड हात रुंद, म्हातारीच्या सासऱ्याने रचलेल्या. त्यांचा तिला अभिमान आहे. वर माळावर धनगरांची कारवीच्या कुडाची घरं आहेत, त्यांना ती खोपटी म्हणते.

आता स्वयंपाकाकडे नीट बघा, कारण उद्या या घरातलं जे टिकणार आहे ते सगळं इथेच, या चार हातांच्या जागेत चाललंय. सून चिपट्याने नाचणीचं पीठ मोजते. मोजून झालं की त्यातली एक मूठ परत उचलते आणि शेजारच्या वेगळ्या मडक्यात टाकते. रोज. पाहुणा असला तरी. म्हणजे आज तुमच्यामुळे चिपट्याला वर थोडी चढण दिली गेली आणि मूठ तरीही परत गेली. महिन्याला दीड-दोन शेर पीठ असं कुणाच्या तोंडातून न काढता बाजूला पडतं. या मडक्याला घरात नावही आहे, मुठीचं मडकं. ते कधी उघडायचं हे फक्त म्हातारी ठरवते.

नाचणीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून आधी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची. सून काठवटीत ती तळहाताच्या टाचेने मळते. भाकरी थापताना हात दोनदा पाण्यात बुडतो, तिसऱ्यांदा नाही. तव्यावर टाकून वरून ओला हात फिरवला की पापुद्रा धरतो. उलटली की काठ सुटतो. मग तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढे उभी करायची. ती फुगते आणि काळपट-तांबूस होते. या उभ्या भाकरीच्या मागे, वैलावर, दुपारपासून हुलगे शिजतायत. त्यांना वेगळं सरपण नाही. चुलीची जी आच बाजूला जाते तीच त्यांची.

हुलग्याचं वरचं पाणी ती ओतून घेते. लसूण, सुकी मिरची आणि चिपळूणच्या बाजारातून कुंभार्ली घाट चढून आलेलं आमसूल घालून त्याचं कढण होतं. खाली राहिलेले दाणे उद्याची उसळ. एक शिजवण, दोन जेवणं. त्याच घाटाने आलेलं मूठभर सुकट निखाऱ्यावर खरपूस करून पाट्यावर ओबडधोबड वाटलं जातं. भाकऱ्या संपल्या की तापलेल्या चुलीवर पाण्याचं भांडं चढतं, राखेत पोरांसाठी दोन रताळी जातात, आणि सगळ्यात शेवटी निखारे राखेखाली पुरून ठेवायचे, उद्या काडी खर्चायला नको. मोजल्या तर तीन शेणी आणि चार काटक्या. आपल्याकडे एवढ्यात चहा होईल की नाही शंका आहे.

जेवताना तुम्ही ताटलीत कढण उरवता. कुणी काही बोलत नाही. पोर ती ताटली उचलते आणि भावाच्या भाकरीवर उपडी करते.

*

आता घरात काय जागचं हललंय ते बघा. उतरंड नाही. मडक्यांवर मडकी रचलेली ती उंच रांग या भागातल्या कुठल्याही स्वयंपाकघराची शोभा. इथे ती मोडून सगळी मडकी भिंतीच्या कडेने भुईवर एकेकटी बसवलीत. दाराला आडणा नाही, नुसता दगड लावून दार लोटलंय. अंगणात फणसाखाली तीन धोंडे मांडलेत, चूल पेटत नसतानाही. गोठ्यापलीकडे शेणींचा हुडवा, त्याच्या कुशीत एक डालडाचा मोठा डबा, वर फरशीचा तुकडा. भात झोडून झालंय, नाचणी अजून खळ्यावर पसरलेली आहे आणि यंदा म्हातारीने ती घरात आणायची घाई केलेली नाही.

हे सगळं १३ सप्टेंबरनंतरचं. त्या दिवशी मोठा धक्का बसला होता. तसे धक्के १९६२ पासून येतच होते, धरणात पाणी साठायला लागलं तेव्हापासून. आधी जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग भांड्यांची किणकिण. लोकांना सवय झाली. शास्त्रज्ञांना मात्र दख्खनचा हा काळा कातळ हलतो हेच नवीन होतं. पुस्तकांत हा भाग स्थिर म्हणून लिहिलेला होता. पण सप्टेंबरात या घरातली उतरंड कोसळली, आणि दाराची चौकट तिरकी होऊन आडणा अडकला. आत चौघं. शेजारच्याने पहारीने दार उचकटलं. तेव्हापासून म्हातारीचं एक कलम आहे: झोपायचं सोप्यात, दाराशी, डोकं उंबऱ्याकडे, आणि वाकळ अशी घ्यायची की पोरासकट उचलता येईल.

तुम्हाला ठाऊक आहे पहाटे काय होणार. सांगून बघा. सांगण्याचा मोह आवरायचं काही कारण नाही.

"आजी, उद्या पहाटे मोठा होणार आहे."

"मोटा म्हंजे केवडा? मागल्याएवडा?"

"त्याहून मोठा."

ती तंबाखूची पिंक टाकते. "गेल्या म्हयन्यात असाच एक बाबा सांगून गेला. सारी वाडी रातभर खळ्यावर कुडकुडली. कायबी झालं न्हाय. ह्या पोराला मातूर ताप भरला, आठ दिस." मग जरा थांबून, "आता सांगा, रोज भाईर निजवून थंडीनं मारू का आत निजवून भितीखाली?"

या प्रश्नापुढे तुमची सगळी माहिती पांगळी आहे. भूकंपाची वेळ कुणाला सांगता येत नाही, आजही नाही. आणि न सांगितलेल्या वेळेची वाट बघत डिसेंबरात सह्याद्रीच्या माथ्याखाली उघड्यावर रात्री काढायच्या तर त्याचीही किंमत असते. म्हातारीने मधला मार्ग काढलाय. उंबरा. छप्पर आहे आणि दार दोन हातांवर.

"तुमी बी दाराशीच निजा," ती म्हणते.

*

चंद्र मध्यरात्रीनंतर मावळतो. तुम्हाला झोप लागत नाही. चार वाजायच्या सुमाराला सून उठते, पदर खोचते आणि पडवीत जात्यावर बसते. उद्याचं पीठ आज पहाटे. घरघर सुरू होते, एका लयीत, आणि त्या आवाजात पोरं आणखी गाढ झोपतात.

मग जात्याच्या घरघरीखाली दुसरी घरघर मिसळते. ती आधी कानाला कळत नाही, छातीला कळते. स्फोट व्हावा तसा आवाज येतो. अंधारात शिंकं दिसत नाही पण बोळकं तुळईवर आपटल्याचा टणत्कार ऐकू येतो आणि त्याच क्षणी म्हातारीचा हात तुमच्या दंडाला. ढकललं जातं. उंबरा, पायरी, अंगण. वाकळीचं गाठोडं तिच्या छातीशी, पोर तुमच्या हाताला. भुई घोंगडं झटकावं तशी झटकली जाते. मागे कौलांचा घसरत येणारा खडखडाट, मग जड, मुका, धपकन आवाज, दीड हात रुंद भिंतीचा. तोंडात धूळ.

सोमवार, ११ डिसेंबर, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तुमच्या मनगटावरचं घड्याळ बरोबर आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"पोर?" म्हातारी ओरडते.

"हाय."

"पोरगा माज्याकडं. पोरी?"

पडवीकडून खोकला येतो. "हाय, आत्याबाई." जात्याजवळची पडवी बांबूची आणि गवताची, एका अंगाला कलली आहे पण पडलेली नाही.

"मशिनवालं?"

तुम्ही हो म्हणता. मोजणी पुरी होते. त्यानंतरचं तिचं पहिलं वाक्य, "आत कुनी जायाचं न्हाय. कायबी ऱ्हाऊ दे." आणि ते ठीकच, कारण थोड्या वेळात पुन्हा भुई हलते आणि उभी राहिलेली मधली भिंतही बसते.

वाडीभर नावांच्या हाका चालू आहेत. गुरं हंबरतायत. खालून कुणीतरी ओरडतं, धरण, धरण! सगळे गप्प होतात आणि नदीच्या दिशेने कान लावतात. हा क्षण लांबतो. नदीचा आवाज रोजचाच आहे. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या चिरा गेल्या होत्या, पण भिंत उभी राहिली. पुढे उंच भागाला नदीच्या खालच्या अंगाने काँक्रीटचा टेकू देऊन ती भक्कम केली. हे त्या पहाटे खळ्यावर उभ्या असलेल्या कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्याकडे फक्त नदीचा आवाज होता.

हाकांना उत्तरं येत जातात. एका घराकडून येत नाही. पुरुष तिकडे धावतात.

*

थंडी आता जाणवायला लागते. अंगावर जे होतं तेवढंच आहे. पोरांचे दात वाजतायत. राखेत पुरलेला विस्तव भिंतीखाली गाडला गेलाय. म्हातारी फणसाच्या बुंध्याशी बसते आणि कमरेची चंची सोडते.

ही चंची नीट बघा. तीन कप्पे, कडेला लाल गोट. एका कप्प्यात सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू. दुसऱ्यात सुंठेचा तुकडा, सुई खोचलेला दोऱ्याचा गुंडा आणि चार घड्या घातलेली एक नोट. तिसऱ्यात मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी. आपल्या सोसायटीच्या फलकावर आपत्कालीन पिशवीत काय असावं याची छापील यादी लावलेली असते, आणि ती पिशवी माळ्यावर कुठेतरी असते. चंची झोपतानाही कमरेला असते, सगळा फरक त्यात आहे.

हुडव्यातल्या शेणी कोरड्या आहेत. तीन धोंडे आधीच मांडलेले. मूठभर पेंढा, एक काडी, आणि सून पालथी पडून फुंकर घालते. डबा येतो. त्यात हुलग्याचं पीठ, पण साधं नाही, हुलगे आधी खरपूस भाजून मग दळलेलं. भाजलेलं पीठ लवकर किडत नाही आणि अर्धं शिजलेलंच असतं, त्यामुळे सरपण थोडं लागतं. पिठावर फडक्यात गुळाचा खडा आणि मिठाची पुरचुंडी. भांडी सगळी आत. पण न्हाणीतला तांब्या आणि पाणी तापवायचा तांब्याचा हंडा बाहेर आहे. कालचं झाकून ठेवलेलं पाणी त्यात आहेच.

माडगं करायला अक्कल लागते ती एवढीच की पीठ गरम पाण्यात टाकायचं नाही, गुठळ्या होतात. सून ते तांब्यातल्या गार पाण्यात बोटांनी कालवते, हंड्यातलं गुळाचं पाणी उकळायला लागलं की बारीक धारेने सोडते आणि फणसाच्या फांदीने ढवळत राहते. सुंठ दगडाने ठेचून, चिमटीने मीठ. तांब्याला एक मूठ पीठ असा हिशेब. हंड्यावर फेस येतो, भाजक्या हुलग्याचा मातकट गोडसर वास सुटतो, आणि त्या वासाने अंधारातून माणसं एकेक करून विस्तवाकडे येतात. आधी सात, मग अकरा, मग मोजता येत नाहीत.

सून डब्याकडे हात नेते. म्हातारी तिचा हात धरते.

"मानूस वाडलं की पानी वाडवायचं, पोरी. मीट वाडवायचं. पीट न्हाय. अजून दुपार हाय, रात हाय."

एकच तांब्या फिरतो. ज्याच्या हाती येतो तो दोन घोट घेतो, तळवे शेकतो आणि पुढे देतो. तुमच्यापर्यंत येतो तेव्हा तो कोमट झालेला असतो, काठाला माती लागलेली. पातळ, तिखट-गोड, आणि घशाखाली उतरताना त्याने छातीतली धूळ खाली नेल्यासारखं वाटतं. ज्या घराकडून उत्तर आलं नव्हतं तिथून परतलेला एक माणूस तांब्या घेतो, तसाच धरून बसतो, पीत नाही. कुणी घाई करत नाही.

*

उजाडल्यावर घर दिसतं. म्हणजे दिसत नाही. कौलं, माती, दगड, वासे यांचा ढीग, त्यातून चौकटीचा एक खांब वर. माळावरची कारवीची खोपटी कललीत, काहींचं गवत विस्कटलंय, पण बहुतेक उभी आहेत. हलकं जे होतं ते हललं आणि थांबलं. जे पिढ्यांसाठी म्हणून बांधलं ते अंगावर आलं. म्हातारी माळाकडे बघते. काही बोलत नाही.

मग ती ढिगाऱ्यापुढे येऊन उभी राहते, आणि आता तिचं खरं काम सुरू होतं.

"त्यो खांब धरा. त्येच्यापास्नं उजव्या अंगाला दोन हात. वर कौलं, मग माती. मिटाची हंडी."

तुम्ही आणि शेजारचा तरुण कौलं काढता, माती पाटीत भरता. दोन हातांवर मिठाची हंडी निघते, गळ्याला चीर, मीठ शाबूत.

"आता चुलीच्या मागं, भितीला लागून. तीळ. त्येच्याम्होरं मुटीचं मडकं."

तिळाचं मडकं फुटलंय. मुठीचं मडकं, भुईवर एकटं बसवलेलं, वर पडलेल्या वाशाच्या कोनात अडकून धडधाकट राहिलंय. झाकण काढलं तर वर बोटभर धूळ. ती सुपलीने अलगद काढली की खाली पीठ. घर पडलं पण त्याचा नकाशा तिच्या डोक्यात जसाच्या तसा उभा आहे, हाताहाताच्या मापाने. चाळीस वर्षं अंधारात उठून ज्या बाईने न बघता मिठाला हात घातला तिला दिव्याची गरज नाही, भिंतींचीही नाही.

एक निघतं, एक जातं. तेलाची बाटली गेली. गुळाच्या ढेपेत माती रुतलीय. ती खरवडून खरवड म्हशीला, उरलेला गूळ घरात, म्हणजे फणसाखाली. रोजच्या पिठाचं मडकं फुटून पीठ मातीत मिसळलं, त्याचा नाद सोडला. दाण्यांचा सोडला नाही. कणगीतली जुनी नाचणी बारीक विणीच्या रोवळीत घालून पाण्यात घोळायची, माती खाली जाते, दाणे हाताने वर काढायचे, वाकळीवर वाळवायचे. झऱ्याचं पाणी आज गढूळ येतंय, ते लुगड्याच्या चौपदरी घडीतून गाळलं जातं, पिण्यासाठी उकळलं जातं. जात्याच्या दोन्ही तळ्या पडवीत जशाच्या तशा. चौघांनी उचलून फणसाखाली नेल्या. दुपारी पोर ढिगाऱ्यातून काहीतरी ओढत आणते. काथ्याचं शिंकं. बोळक्याचा पत्ता नाही.

"टांग फांदीला," म्हातारी म्हणते.

*

पुढचे दिवस भराभर जाऊ देत, ते सगळीकडे सारखेच होते. कुणाकडे ट्रान्झिस्टर होता त्यावर बातम्या कळत गेल्या. कोयनानगरची बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. १७५ हून जास्त माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. मुंबई, पुणे, गोवा, सगळीकडे लोक झोपेतून रस्त्यावर आले होते. पाटणचेच बाळासाहेब देसाई तेव्हा राज्याच्या मंत्रिमंडळात होते, कराडचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला गृहमंत्री. मदतीचे ट्रक आले, तंबू आले, घोंगड्या आल्या, पत्र्याच्या शेड झाल्या. धान्य आलं. त्यात मिलो नावाची लाल ज्वारीही होती, गेल्या दुष्काळी सालांत अमेरिकेतून रेशनवर यायला लागलेली. तिची भाकरी थापायला गेलं की चिरते, खाल्ली की घशात अडते. दोन वाट्या मिलोला एक वाटी भाजक्या हुलग्याचं पीठ, आणि उकड जरा सैल. मग जमते. हे सुनेला कुणी शिकवलं नव्हतं. पहिली भाकरी चिरली, दुसरी चिरली, तिसऱ्या वेळी तिने हुलगा घातला.

एका संध्याकाळी हेळवाकला एसटीतून उतरून घरधनी चालत येतो. हातात पत्र्याची पेटी आणि पावाची दोन कागदी पुडकी. कोयनेची वीज तुटली म्हणून गिरणी बंद. म्हातारी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघते, सगळा आहे ना म्हणून.

"हितं भित पडली आन् तितं तुजी गिरन थांबली व्हय?"

"व्हय आये."

"बरं झालं. मांडव शाकारायला मानूस न्हवतं."

पाव लगेच खायचा नाही असं ठरतं. शेकोटीपुढे कापांसारखा वाळवून तो फडक्यात बांधला जातो, पोरगा आजारी पडला तर दुधात द्यायला.

मांडव म्हणजे फणसाला टेकवून चार मेढी, वर आडव्या काठ्या, त्यावर भाताचा पेंढा, तीन बाजूंनी गवताचे भारे. दगड एकही नाही. पायाशी रात्रभर शेकोटी, आणि निजताना कोण मध्ये आणि कोण कडेला हे वयावर ठरतं, सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात म्हातारी मध्ये. पहाटे पेंढ्यावरचं दहिवर टपकतं, वाकळी दमट होतात, दिवसा खळ्यावर वाळतात. पोरगा खोकतो. कडेच्या घरातल्या बाळंतिणीसाठी रोज एक गाडगं गरम पाणी इथून जातं, न सांगता.

तुमची निघायची वेळ झालीय. शेवटचं जेवण. तीन धोंड्यांच्या चुलीवर हुलग्याची शेंगोळी होणार आहेत; लसूण-मिरचीचं पाणी उकळतंय, सून पिठाचा घट्ट गोळा तळहातावर लांब वळते आणि वेटोळं करून त्यात सोडते. भाजीही तीच, भाकरीही तीच, भांडं एक. तिच्या डोक्यावर, फांदीला, रिकामं शिंकं.

ते हलतं.

आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. सगळ्यांच्या माना वर जातात. घरधनी अर्धवट उठतो. म्हातारी त्याला हाताने बसवते. पोरगा शिंक्याकडे बघत ताटली छातीशी धरून बसलाय. भुईतून तो जुना आवाज येतो, लांबून, गाडी घाट चढावी तसा. सूनबाई भांड्याची कड फडक्याने धरून ठेवते, नुसती धरून, डोळे वर.

शिंकं थांबतं.

म्हातारी तुमच्याकडे बघते. "बगा सायेब. तुमची मशिन काय म्हनती?"

पोरगा ताटली पुढे करतो. सून आधी डालडाच्या डब्याचं झाकण काढते, काठवटीत उरलेल्या पिठातली एक मूठ उचलते, आणि डब्यात परत टाकते.